कुंकू लागलेलं बटण

११ नोव्हेंबर
मी सांगतेय, नात सई लिहितेय. अक्षर चांगलं, कान मात्र फोनकडे. (हेही लिही.) दिनूने आज घरातला जुना कॉम्प्युटर खोक्यात भरला. त्याच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर आफ्रिकेत चाललेत, मलावी देशात, एका शाळेला. त्यांच्यात आपलाही.
"चालतोय ना रे अजून?"
"चालतो गं आई, पण आपल्या कामाचा नाही आता."
माझ्याकडे बघून बोलला नाही, एवढं बरं.

१२ नोव्हें.
खोकं गेलं. टेबल बोडकं दिसतंय. दसऱ्याला त्याची पूजा मीच करायचे. वर झेंडू, आणि एका बटणाला हळद-कुंकू. दर वर्षी तेच बटण. सून ओरडायची, "आई, चिकटतं ते!" लालच झालं शेवटी, पुसून जाईना. अकरा दसरे. बटणांना मी हात लावायचे तो तेवढाच.

२० फेब्रु.
मलावीहून फोटो आले दिनूच्या मोबाइलवर. पोरं बघायची म्हणून चष्मा लावला, तर म्हातारी! डोक्याला फडकं, जीभ दातात धरून कॉम्प्युटरपुढे बसलेली. सई म्हणाली, "ही ग्रेस आजी. वय एकाहत्तर. शाळेत मोठ्यांचाही वर्ग असतो. स्वतःचं नाव लिहायला शिकली."
मी म्हटलं, जेवायला घ्या.

२१ फेब्रु.
फोटो परत मागितला. मोठा करून घेतला. लाल बटण! आमचाच तो. माझ्या कुंकवाच्या शेजारी बोट टेकून बसलीय मेली. माझ्याहून चारच वर्षांनी लहान. दुपारी बांगड्याचं तिखलं होतं, तरी जेवण गेलं नाही.

२२ फेब्रु.
सई विचारते, "आजी, जळतेस?"
हो. लिही. जळते.
भोईवाड्यातली शाळा खिडकीतून दिसते. तीन पोरांना फाटकापर्यंत सोडलं, फाटकातूनच परत आले. आत ये, बस, असं कोणी म्हटलं नाही. मी तरी कुठे विचारलं? आणि हा कॉम्प्युटर तर अकरा वर्षं घरातच होता. मी त्याच्यावरची धूळ पुसायचे.
त्या बाईला विचारणार होते, लाज नाही वाटली का गं, पोरांच्या बाकावर बसायला? सई म्हणते, विचारू का? नको म्हटलं. नाही वाटली म्हणाली तर?

२५ फेब्रु.
"आजी, लाल बटणावरचं अक्षर कुठलं, सांगू?"
नको. त्या ग्रेसला काय कोणी आयतं सांगितलं असेल?
सईने स्वतःचा लॅपटॉप पुढ्यात ठेवला. बटणं तशीच, म्हणते. एका हातात फोटो धरला. वरून कितवी रांग, डावीकडून कितवं, मोजलं. दोनदा चुकले. सई हसली, चिमटा काढला तिला.
सापडलं.
"यावर कुंकू नको हां आजी!"
नाही गं. बँकेत अंगठाच पुढे होतो माझा, सवयीने इथेही तोच आला. मागे घेतला. पहिलं बोट टेकलंय आता, तिच्यासारखं.
सई म्हणते, दाब.
थांब जरा.