मामाचा घास

मैलापूर, मद्रास
२१ ऑगस्ट १९६४

चि. गुरुमूर्ती यास आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तिकडेही असेल असं धरून चालतो. चार वर्षांत विचारलं नाही, आता एकदम विचारणं मलाच बरं दिसत नाही. तळ्यात पाणी कमी आहे, पायऱ्यांवर पोरं गोट्या खेळतात. शाळेनं मला हार घालून मोकळं केलं त्याला तीन वर्षं झाली, तरी सकाळी दहाला पाय आपोआप चपला शोधतात. मग माडीवर बसून एखादी आर्या मोठ्यानं म्हणतो. वर्ग नाही, पण शेवटच्या बाकावर कुणी जांभई देत नाही, हेही सुख आहे.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की भवानीच्या मुलाला सहावा महिना चालू आहे.

तुला खबर असेल की नाही ठाऊक नाही. जावई टायफॉइडनं गेले तेव्हा हे पोटात होतं. सासरच्यांनी तिला इथे आणून सोडलं, ती इथेच राहिली. मुलगा मार्चच्या दहाला झाला. नाव वेंकोबा, हाक वेंकू. कपाळ तुझ्या आईचं. मी श्लोक म्हणू लागलो की हातपाय हलवायचं थांबवून ऐकतो. इतका चांगला विद्यार्थी मला चौतीस वर्षांत लाभला नव्हता.

त्याचं उष्टावण करायचं आहे. मुलाचं उष्टावण सम महिन्यात होतं, सहाव्यात, आठव्यात नाहीतर दहाव्यात, आणि पहिला घास मामाचा, हे तुला सांगायला नको. तुझा घास तुझ्या मामानं तंजावरला दिला. तू त्याच्या मिशीला पायस माखलंस, आणि तो दिवसभर मिशी न धुता भाच्याचा प्रसाद म्हणून गावात मिरवला. तो दिवस मला कालच्यासारखा दिसतो. हल्ली कालचा दिवस मात्र दिसत नाही.

या पोराला बाप नाही. भवानीचा हात शुभकार्यात चालत नाही, माझा हात विधुराचा. आत्या, काकू सासरच्या, त्या तोंड फिरवून बसल्या आहेत. राहिलास तू एकटा. तंजावरहून एक पडी मापाचा जुना तांदूळ आणवून पितळी डब्यात घालून ठेवला आहे. हल्ली तांदळासाठी दुकानापुढे रांगा लागतात, पण त्या डब्याला मी हात लावू देत नाही. तो त्याचा. चांदीची वाटी घासून ठेवली आहे. आणि एक ओवी रचतो आहे, घास देताना म्हणायला:

चांदीच्या वाटीत पायस निवालं
मामाच्या मांडीवर बाळ विसावलं
पहिल्या घासाला तोंड उघडलं

चौथी ओळ अजून उतरत नाही. ओवीची चौथी ओळ आखूड असते, पण सगळा जीव तिच्यात.

तुझं अंबत्तूर काही काशी नव्हे. सकाळची सेंट्रलची गाडी धरलीस तर दुपारच्या आत पोचशील. फक्त एक. तू एकटा ये. ती नको. तू तिच्याशी लग्न केलंस त्या दिवशी मी जे बोललो ते बोललो, तिच्या हातचं पाणी या घरात चालणार नाही. ते शब्द मागे घ्यायचे तर मला माझ्या सगळ्या जन्माचा फळा पुसावा लागेल.

उत्तर लवकर दे. सहावा बघता बघता सरेल.

तुझा बाप,
राघोत्तम


मैलापूर
१२ नोव्हेंबर १९६४

चि. गुरुमूर्ती,

मागचं पत्र माझ्या पेटीतच आहे. तिकीटसुद्धा लावलं होतं. दोनदा टपालपेटीपर्यंत गेलो. पहिल्यांदा वाटलं, चौथी ओळ जमू दे, मग टाकू, अर्धवट ओवी पाठवणं बरं नव्हे. दुसऱ्यांदा वाटलं, "तू एकटा ये" हे वाचून तू काय करशील? पत्र फाडशील, आणि तिला दाखवून फाडशील. तसाच परत आलो. वाटेत शेवंतीची वेणी घेतली आणि ती कुणाला द्यायची हे न सुचून देवाला घातली.

भवानीला मात्र सांगितलं की तुला लिहिलं आहे. तिनं विचारलं, "अण्णानं काय कळवलं, अप्पा?" मी म्हणालो, "कारखान्यात काम फार, रजा मिळत नाही. आठव्यात येतो म्हणाला." तिचा चेहरा असा उजळला की मग खोटं खोडायला हातात खडू उरला नाही. तेव्हापासून ती रोज तुझ्याविषयी बोलते. अण्णा येईल तेव्हा हे करू, ते करू.

आता आठवा संपला. तिला सांगितलं, "दहाव्यात नक्की."

नववा विषम, त्यात काही करता येत नाही.

मूल तसं बरं आहे. भवानीचं दूध कमी झालं. वरचं दूध देतो. गवळी पाणी घालतो, आणि पचायला जड नको म्हणून आम्ही आणखी थोडं घालतो. अजून बसत नाही. भवानी म्हणते आळशी आहे, मी म्हणतो कवी आहे, कवी लवकर बसत नाहीत. दिवसभर पडून छताकडे बघतो. हल्ली भिंतीशी नेलं की चुना चाटतो. मी हसलो, म्हटलं, गोकुळातही एकानं मातीच खाल्ली होती. भवानी हसली नाही.

मागच्या बिऱ्हाडातली सकवारबाई, सहा लेकरांची आई, काल ओट्यावर उभी राहून म्हणाली, "काय राव, पोराला एकादशी धरवलीत? मग द्वादशी कधी सोडणार?"

"मामा येतो आहे त्याचा," मी म्हणालो.

"मामा येईल तेव्हा येईल. भूक काय पंचांग बघून लागते? द्या इकडे, मी मऊ भात कालवून दोन घास घालते. कुणाला सांगणार नाही."

मी मूल आत नेलं. तिचा हात स्वच्छ आहे, मन त्याहून स्वच्छ आहे, मला ठाऊक आहे. पण सांगून ठेवलेला घास एकाचा, आणि तो दुसऱ्यानंच उष्टा केला, तर तू आल्यावर तुला काय देऊ?

परवा मी जेवत होतो. त्याला शेजारी निजवलं होतं. त्यानं ताटाकडे हात केला. मी त्याची समजूत काढली.

हे पत्र उद्या टाकतो. यात एक बदल करतो. तिला घेऊन यायचं असेल तर ये, ती ओसरीवर बसेल. याहून जास्त मला जमत नाही, गुरू.

राघोत्तम


मैलापूर
२ मार्च १९६५

गुरुमूर्ती,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "बाळ शनिवारी गेलं. भवानी इथेच राहील." तुझं अक्षर बदललेलं नाही. दहावीत असताना पत्रलेखनात तुला मी सहा गुण कमी दिले होते, मजकूर त्रोटक म्हणून. आता ते गुण परत देतो. याहून जास्त लिहायचं काहीच नव्हतं.

मागची दोन्ही पत्रं यासोबत घातली आहेत. भवानीनं ती पाहिलेली आहेत, म्हणून तूही पाहावीस. कसं घडलं ते तिनं सांगितलं असेल. माझ्या तोंडून एकदा ऐक.

दहावा महिनाही गेला. मी म्हणालो, बाराव्यात करू, वाढदिवस आणि उष्टावण एकदम. जानेवारीत त्याला जुलाब लागले. वैद्यांनी मात्रा दिली. कमी झाले, पुन्हा लागले. मांड्यांची कातडी सैल झाली, माझ्यासारखी. एका मुठीत त्याचे दोन्ही पाय मावत. रडायचा तर आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा.

फेब्रुवारीच्या बाराला लंगोट करायला मऊ धोतर हवं म्हणून तिनं माझी पेटी उघडली. मी माडीवर होतो. ती वर आली. हातात दोन पाकिटं, तिकीट लावलेली, शिक्का नसलेली.

"अप्पा, अण्णाला रजा मिळत नाही असं तुम्हाला कुणी कळवलं?"

मी समोरचं पुस्तक मिटलं.

"कुणी कळवलं, अप्पा?"

मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, "भवानी, चौथी ओळ जमत नव्हती."

"ओळ?" ती म्हणाली. एवढंच. मग खाली गेली. मूल पदरात गुंडाळलं, पिशवीत दुधाची बाटली घातली. त्या दिवशी शहरात दंगल होती, बस नव्हती. मी म्हणालो, उद्या जा. तिनं मागे वळून पाहिलं नाही. सकवारबाई तिच्याबरोबर सेंट्रलपर्यंत चालत गेली. मी दारात उभा होतो, हातात माझीच दोन पत्रं घेऊन.

पुढचं सकवारबाईनं सांगितलं. ती नंतर तुमच्याकडे आणि इस्पितळात जाऊन आली. म्हणाली, महालक्ष्मीनं दार उघडलं, मूल पाहिलं, आणि कोण आलंय, का आलंय, काही न विचारता चुलीवर तांदळाची पातळ कांजी ठेवली. ती मुलांच्या वॉर्डातली नर्स, तिला एका नजरेत कळलं. भवानी म्हणाली म्हणे, "वहिनी, अजून उष्टावण झालं नाही, अण्णा घरी येऊ दे." आणि महालक्ष्मी म्हणाली, "अण्णा पाचला येईल. ह्याला आत्ता भूक आहे."

चार चमचे. पहिला घास तिचा.

मग तिनंच त्याला इस्पितळात नेलं, आपल्याच वॉर्डात ठेवलं, कामाची पाळी संपली तरी घरी आली नाही. डॉक्टर भवानीला म्हणाले, "अकरा महिने मुलाच्या पोटात अन्नाचा कण नाही? घरात दुष्काळ होता का?" भवानीनं मान हलवली. नाही म्हणून, की हो म्हणून, सकवारबाईला कळलं नाही. आठ दिवस त्यानं थोडं थोडं खाल्लं. शनिवारी तेही थांबलं.

घरात दुष्काळ नव्हता, गुरू. पितळी डबा मी काल उघडला. तांदळात किडे झाले आहेत.

ज्या हाताचं पाणी चालणार नाही म्हणालो, त्या हातानं त्याला भरवलं. आणि ज्या हातानं मी त्याला थोपटून श्लोक म्हणत होतो, त्या हाताची एक गोष्ट मी दुसऱ्या पत्रात लपवली आहे. लिहिलं होतं, त्यानं ताटाकडे हात केला आणि मी समजूत काढली. तसं झालं नव्हतं. ताटाबाहेर रसमभाताची दोन शितं सांडली होती. त्यातलं एक त्यानं बोटाला चिकटवून तोंडात घातलं. त्याचे डोळे मोठे झाले. असा चेहरा मी वर्गात दोन-तीनदाच पाहिला आहे, पोराला पहिल्यांदा एखादी कविता कळते तेव्हाचा. आणि मी त्याच्या तोंडात बोट घालून ते शीत बाहेर काढलं. मामाचं आहे म्हणून. तो चावला. खालचे दोन दात नुकतेच आले होते. तो रडलाही नाही, माझ्या बोटाकडे बघत राहिला, त्याला वाटलं असेल की मी आणखी काही देणार आहे.

भवानी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात होती. तिनं पाहिलं. ती काही बोलली नाही, कारण तू येणार होतास.

ही तिन्ही पत्रं महालक्ष्मीला तमिळमध्ये वाचून दाखव. सगळं. ओसरीचंही. गाळू नकोस. तिच्याकडून मला एकच हवं आहे. माफी नव्हे. तिनं पहिला चमचा दिला तेव्हा त्यानं तोंड आपणहून उघडलं, की घट्ट मिटून घेतलं? एकदा तोंडात गेलेलं मी काढून घेतलं होतं, त्याला ते आठवत होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे. तिनं सांगितलं नाही तरी चालेल. सांगितलं, तर जसं असेल तसं सांगावं.

त्याला कुठे पुरलंत तेही कळव. मी येणार नाही. भवानीनं बोलावल्याशिवाय येणार नाही.

वाटी पाठवत नाही. ओवी फाडली.

हे पत्र आता लगेच टाकायला निघतो. सकवारबाईला बरोबर घेतलं आहे. टपालपेटीत पडलेलं तिनं डोळ्यांनी पाहावं, माझ्या शब्दावर आता या घरात कुणी विसंबू नये. ती बाहेर उभी आहे, म्हणते, "राव, चला, पेटी उघडायची वेळ होईल."

खाली आशीर्वाद लिहीत नाही. तो देणाऱ्याचा हात मी पाहिला आहे.

राघोत्तम