थराखालचं सीरम

बुधवार, १२ नोव्हेंबर

सर, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याची माफी मागते. लिहून पोचवायचं कुठे, असं वाटायचं. आज मात्र तुमची लेक माझ्या लॅबमध्ये रक्त द्यायला आली होती, आणि पुढचं दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

तिची नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली, तर खाली गोठलेलं रक्त आणि वर सीरम दुधासारखं पांढरं. मशीनने ट्रायग्लिसराइड इतकं वर दाखवलं की सीरम पातळ करून पुन्हा लावलं. उत्तर तेच. एवढी चरबी असली की एलडीएल काढायचं आपलं सूत्र चालत नाही, म्हणून रिपोर्टात ती जागा रिकामी ठेवली, तसं खाली लिहिलंही. तिला ते पटेना.

"रिकामी कशी गो? टाक एक आकडा आणि सोड मला. देवरूखची गाडी चुकेल."

"सकाळी काही खाल्लंस?"

"पाणी फक्त. रात्री मात्र मांडवीला नणंदेकडे जेवायला उशीर झाला. शिरवाळे होते, मग काय, शेवयांवर नारळाचा रस चांगला दोनदा वाढून घेतला."

"मग उरलेल्या सीरमची नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवते. ही चरबी जेवणातली की अंगातली, ते सकाळी कळेल. तुला फोन करते."

"म्हणजे मी देवरूखला आणि माझं रक्त तुझ्याकडे वस्तीला! बाबांचा हट्ट तुझ्यातच उतरलाय बघ." आणि हसत हसत गेली.

ही रीत तुमचीच. मी तेव्हा नुकतीच तुमच्याकडे कामाला लागलेली. तुम्ही मला घरी स्वयंपाकघरात नेता. काकूंनी आदल्या रात्री काढून ठेवलेला नारळाचा रस फ्रिजमध्ये आहे, वर घट्ट थर, खाली निवळ पाणी. "माझ्या रसात तुमच्या नळ्या बुडवाल तर बघा," काकू म्हणतात. "बघतोय फक्त," तुम्ही म्हणता, आणि मला, "बायो, जेवणातली चरबी अशी वर येऊन बसते. यकृताने केलेली असते बारीक. ती रात्रभर ठेवली तरी खाली गढूळच राहते." दुसऱ्या दिवशी तुम्ही शिरवाळे खाऊनच आलात आणि स्वतःचं रक्त मला काढायला लावलंत.

नळी रात्रभर ठेवली. सकाळी फ्रिजचं दार उघडताच मी म्हटलं, "थर आलाय, सर!" तुम्ही चिडलात. "नळी हातात तरी घेतलीस का? उत्तर आधी मनात धरलं की डोळे तेच दाखवतात." मग तुम्ही ती खिडकीशी धरलीत. थर होता, चांगला जाड. पण त्याखाली निवळ नव्हतं, ताकाच्या निवळीत पुन्हा रवी फिरवावी तसं होतं. "सर, खालीपण..." मी म्हणाले. तुम्ही नळी मुठीत घेतलीत. "थर दिसला ना? चल, कामाला लाग."

दोन-तीन वर्षांत छातीत कळ येऊन तुम्ही गेलात. चरबी तुमच्या अंगातलीच आहे, हे त्या सकाळी तुम्हाला कळलं होतं का? मला अजून ठरवता येत नाही. लेकीला तुम्ही सांगितलेलं नसावं, नाहीतर आज ती अशी हसत गेली नसती.

तिचंही खाली गढूळ निघालं, तर तुमच्या नळीबद्दल तिला सांगावं लागेल. अशी चरबी घराण्यात उतरते, म्हणून तिच्या मुलांचंही रक्त बघावं लागेल. तुम्ही मुठीत झाकलेलं मी उघडावं का, हे संध्याकाळपासून घोळवते आहे. पण ती मूठ आता नाही, लेक आहे. सांगेन.

हे पत्र वहीतच राहील, म्हणून एक कबूल करून टाकते. वर जाड थर आणि खाली स्वच्छ निवळ, असंच मला हवं आहे. नळी बघायच्या आधीच मी उत्तर मनात धरलंय, सर.

उद्या: नळी न हलवता खिडकीशी धरणे. आधी तळ बघणे.