अंबाडी ही गांजा नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख (साहेब किंवा बाईसाहेब, जे असतील ते),
कॅनबिस कक्ष (यंदाच्या मार्चपासून नवीन),
औषधविषयक संघराज्य कार्यालय, जर्मनी.

अर्जदार : श्रीमती विभावरी श्रीरंग कौसडीकर, सध्या मुक्काम मुलाकडे, तिसरा मजला, बॉबलिंगेन.

विषय : अंबाडी ही पालेभाजी असून गांजा नसल्याचा दाखला, सुनेच्या बाळंतपणापूर्वी, मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. ३१ जुलै २०१७. २) सात कुंड्यांना बांधलेली पोलिसांची फीत. ३) सुनेचे डोहाळे.

महोदय अथवा महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनम्रपणे सादर करण्यात येते की,

१. अर्जदार ही परभणी जिल्ह्यातील एका तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाली आहे. एकतीस वर्षे तिने लोकांचे अर्ज तपासले, त्रुटी काढून परत पाठवले आणि क्वचित मंजूरही करून घेतले. नीट मांडलेल्या अर्जापुढे जगातले कुठलेही कार्यालय फार दिवस टिकत नाही, अशी तिची ठाम समजूत आहे. अर्ज मराठीत असून जर्मन भाषांतर मुलगा जयंत करील. तो इथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. भाषांतरात काही गाळलेले आढळल्यास तो दोष त्याचा समजावा.

२. सून शमिका हिने लग्नाला सहा वर्षे झाली तरी सासूकडे कधी काही मागितले नाही. पाचव्या महिन्यात मात्र तिचा फोन आला : "आई, येताना तेवढी अंबाडी आणाल?" शमिकाची आई हयात नाही. तुरीची डाळ, तांदळाच्या कण्या आणि वरून लसणाची खमंग फोडणी घालून अंबाडीची भाजी ती करीत असे. जयंतने श्टुटगार्टच्या दुकानातून अंबाडी म्हणून गोठवलेले पाकीट आणले, त्यात पालक निघाला. पालक बघून शमिका ढसाढसा रडली. ताजी भाजी विमानातून टिकणार नाही, सबब अर्जदार ५ जून रोजी बिया घेऊन आली. बिया कशा आल्या हा प्रश्न प्रस्तुत अर्जाच्या कक्षेत येत नाही.

३. बाल्कनीत सात कुंड्या लावण्यात आल्या. अंबाडीचे पान लहानपणी साधेभोळे असते, पुढे त्याला पाच-सात बोटे फुटतात आणि ते नको त्याच्यासारखे दिसू लागते. जुलैच्या मध्यास खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ एबर्ले वर आल्या. इथे आठवड्याआठवड्याने जिना झाडण्याची पाळी असते आणि आमच्या पाळीत एक कोपरा राहून गेला होता, तो दाखवायला. कोपऱ्यावरून त्यांची नजर उघड्या दारातून बाल्कनीत गेली. "आख गोट, हान्फ!" असे त्या ओरडल्या. आख गोट म्हणजे अरे देवा आणि हान्फ म्हणजे भांग-गांजाचे झाड, हे अर्जदारास तेव्हा ठाऊक नव्हते. बाईंना भाजी आवडली, असा तिचा समज झाला. शेजारधर्म म्हणून तिने चांगली भरघोस जुडी खुडून त्यांच्या हातात दिली. ती जुडी घेऊन बाई थेट पोलिसांत गेल्या.

४. दोन पोलीस आले. अत्यंत सभ्य, पायपुसण्याला बूट पुसून आत आले. जयंतचा स्वभाव असा की योग्य माहिती समोर ठेवली की जगातला कुठलाही वाद मिटतो. त्याने फोनवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव काढून मोठ्याने वाचले : हिबिस्कस कॅनाबिनस. पोलिसांनी एकमेकांकडे पाहिले. मग त्याने जर्मन नाव वाचले : डेक्कन-हान्फ. "गेनाऊ," म्हणजे "अगदी बरोबर," असे म्हणून पोलिसांनी वही उघडली. अर्जदाराच्या पोटच्या मुलाने तिच्या भाजीला दख्खनचा गांजा ठरवले, तेही पुराव्यानिशी. पोलिसांनी एक पान तपासणीला नेले. निकालास आठ आठवडे लागतील, तोवर कुंड्यांच्या फितीला आणि पानांना हात लावायचा नाही, मात्र झाडे जगवायची, असे बजावले. त्यानुसार अर्जदार रोज सकाळी पुराव्याला पाणी घालते. पुरावा कठड्याच्या वर गेला आहे.

५. अर्जदाराच्या पहिल्या अर्जास उत्तर म्हणून आपण पत्रात कळविले की, मार्चच्या कायद्यानुसार औषधासाठी कॅनबिसची लागवड करून घेणे हे कक्षाचे काम आहे. वनस्पती कॅनबिस असेल तर ती विनापरवाना आहे, आणि नसेल तर कक्ष "त्सुश्टेंडिष" नाही, म्हणजे विषय आपल्या अखत्यारीत येत नाही. पत्र इतके सुरेख आहे की ते स्वतःला लिहायला मिळाले असते तर, असे अर्जदारास वाटून गेले. तथापि पेच असा की, गांजा 'नाही' असे म्हणण्याचा अधिकार गांजा 'आहे' म्हणणाऱ्यालाच, आणि तो अधिकार वापरायला आधी गांजाच हवा.

६. सबब विनंती की, अंबाडीस एका कामकाजाच्या दिवशी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा एवढ्यापुरते कॅनबिस घोषित करावे, म्हणजे ती आपल्या अखत्यारीत येईल, आणि साडेअकराच्या ठोक्याला ती कॅनबिस नसल्याचा दाखला द्यावा. तसेच कक्ष अनुभवी लागवडदार शोधत असल्याचे समजते. अर्जदाराने तिसऱ्या मजल्यावर, नऊ आठवड्यांत, एकही कीड न लागू देता, पोलीस बंदोबस्तात सात झाडे पुरुषभर वाढवली आहेत, याची नोंद घ्यावी. (हे जयंत गाळणार.) पुढील कायद्याचा मसुदा होईल तेव्हा त्यात असे कलम असावे : "'गांजा' या संज्ञेत कोणतीही भाजी, आमटी अथवा गरोदर बाईस खावेसे वाटणारा पदार्थ समाविष्ट होणार नाही. शंका आल्यास अधिकाऱ्याने प्रथम चव घ्यावी." मसुदा विनामूल्य आहे.

७. डॉक्टरांनी तारीख २८ ऑगस्ट दिली आहे, तपासणीचा निकाल सप्टेंबरात येईल. बाळंतिणीला आंबट देत नाहीत. म्हणजे आत्ता नाही तर शमिकाची ही इच्छा राहिलीच. अर्जदारास रात्रंदिवस तेवढेच टोचते.

येथवरचा मजकूर दि. १४ रोजी लिहून झाला. पुढील मजकूर दि. १७ चा आहे.

८. काल सकाळी शमिकाच्या पोटात दुखू लागले. जयंत मोटारीची किल्ली फ्रिजमध्ये शोधू लागला. शमिका दाराची चौकट धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, राहू दे आता ती अंबाडी. पुढच्या वेळी बघू." सासूला वाईट वाटू नये म्हणून ती असे म्हणाली, आणि तेच सहन झाले नाही. दोघे दवाखान्यात गेल्यावर, एकतीस वर्षे सरकारी सीलला देव मानणाऱ्या अर्जदाराने भाजीच्या कात्रीने फीत कापली. सातही कुंड्या ओरबाडल्या. डाळ शिजली, कण्या शिजल्या, फोडणी जिनाभर गेली. जिन्यात फ्राऊ एबर्ले झाडू घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी डबा पाहिला, अर्जदाराचे तोंड पाहिले, झाडू भिंतीला टेकवला आणि स्वतःची मोटार काढली. दवाखान्यात शमिकाने दोन कळांच्या मध्ये चार घास खाल्ले. "आईच्या हातची आहे," एवढेच म्हणाली. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली. नोकरीत कायम झाल्याच्या दिवशीही अर्जदारास इतका आनंद झाला नव्हता.

९. आता फीत तुटली असून पुरावा खाल्ला गेला आहे. कुंड्यांत फक्त काड्या आहेत. गुन्हा एकट्या अर्जदाराचा. जयंत तेव्हा किल्लीच शोधत होता. २ सप्टेंबरला व्हिसा संपतो. नातीच्या घरावर गांजाचा ठपका ठेवून विमानात बसणे अर्जदारास जमणार नाही. तरी दाखला देण्यात यावा, ही विनंती कायम आहे.

आपली नम्र, आणि कालपासून आजी,
विभावरी श्रीरंग कौसडीकर
बॉबलिंगेन, दि. १७ ऑगस्ट २०१७

सोबत :
१) पोलिसांची फीत, कापलेली.
२) फ्राऊ एबर्ले यांचा जबाब : "श्मेक्ट प्रिमा", म्हणजे भाजी झकास. बिया मिळण्याची विनंती त्यातच आहे.
३) उरलेली भाजी, चव घेऊन खात्री करण्यासाठी, स्टीलच्या डब्यात, झाकणासह. आमच्याकडे डबा रिकामा परत देण्याची पद्धत नाही. दाखला त्यातच घालून पाठवावा.