वाकडं पातं

मंगळवार, दिवेलागण

आज सावेडीच्या फ्लॅटमध्ये व्हिनाइल अंथरायला गेलो, तर ह्यांनी कटरला वाकडं पातं लावलं. आकडीसारख्या टोकाचं. इतकी वर्षं सरळ पात्यानंच कापत आले. "ज्याला हाताचा भरवसा नाही, त्यानं वाकडं वापरावं," हे त्यांचंच म्हणणं ना? विचारलं, तर म्हणाले, "सरळ पातं खालच्या फरशीवर ओरखडे पाडतं." खोटं नाही ते. व्हिनाइलची कड छानच निघाली.

पण दुसऱ्या खोलीत कार्पेट होतं. त्याला वाकडं पातं कशाला? धागे ओढले गेले, कड कुत्र्यानं चावल्यासारखी झाली. मी सरळ पातं पुढं केलं, ते घेईनात. मालकीणबाईंनी चहा दिला, तो कप ह्यांनी दोन्ही हातांनी धरला. वाटलं, थंडी वाजत असेल. ह्या उन्हाळ्यात? मीच मूर्ख.

लग्नापासून कापताना लोखंडी पट्टी मीच दाबून धरते. सरळ पातं माझ्या नखाला खेटून जायचं आणि मी खुशाल गप्पा मारायचे.

शेवटी चिडून म्हटलं, "अहो, असलं काम देणार का आपण?" तेव्हा कुठं त्यांनी सरळ पातं लावलं. मी पट्टी धरली. ते थांबले. म्हणाले, "बोटं जरा लांब धर."

आजवर असं कधीच म्हणाले नव्हते.

मी बोटं हलवली नाहीत. मग त्यांनी कटर माझ्या हातात दिला आणि पट्टी स्वतः धरली. बोटं अगदी कडेला, मी ठेवते तशी.