घंट्यांचे फोटो

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग लिहिलंय, पण गुडघा धरलाय म्हणून खुर्चीत बसूनच घातला. गोड मानून घे.

आत्याची नजर पुरती जायच्या आत तिला तिच्या घंट्या एकदा डोळे भरून बघायच्या आहेत, असं तू लिहिलंस. मी ते मनावर घेतलंय. हॉटेलच्या काउंटरमागे उभं राहून तिने जन्म काढला आणि त्या जन्मात जमवलं काय, तर घंट्या. काउंटरवरची, सायकलची, बोकडाच्या गळ्यातली, बाहुलीच्या घराच्या दाराची नखाएवढी. ती तुझ्या दोन खोल्यांत राहायला आली तेव्हा तिथे जागा नव्हती म्हणून त्या सगळ्या माझ्या कपाटात आहेत. आता मी प्रत्येक घंटीचा पानभर मोठा फोटो काढून तिला पाठवणार आहे.

त्यासाठी घरात लाइट बॉक्स हवा. म्हणजे आतून पांढरी पेटी, वरच्या कडेला दिव्यांच्या पट्ट्या. वस्तू आत ठेवायची, वरच्या भोकातून नाहीतर समोरून फोटो काढायचा. सगळीकडून सारखा उजेड, सावली नाही. तीन दुकानं फिरलो. एकालाही उजेडातलं ओ की ठो कळत नाही. एक म्हणाला हा घ्या, हा जास्त खपतो. मी म्हटलं, डोकेदुखीची गोळीही खपते, तिच्यात फोटो काढू का? इंटरनेटवर लोकांची मतं वाचली तर तिथे एक महाशय लिहितात की बॉक्स छान आहे, बायकोला आवडला. आता बायकोला त्यात बसवली होती की काय, ते लिहीत नाहीत.

पाणीखात्यात मी जन्मभर नकाशे काढले. रेघ जाड आली तर कागद फाडून नवा घेतला. त्यामुळे कामात हयगय होणार नाही. एक छोटी पेटी आहे, एक मोठी आहे. कुठली घेऊ?

लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावास.
तुझा भाऊ


११ जून

चि. नकाशेसाहेब यांस,
अ. उ. आ. यातले निम्मे राखून ठेवलेत, अक्कल आली की देईन.

मी तुला पत्र का लिहिते माहितीये? फोनवर तू नंतर बोलतो म्हणून सुटतोस. कागदावर सुटता येत नाही, आणि आत्या तुझी पत्रं माझ्याकडून दोनदा वाचून घेते. दुसऱ्यांदा तर मी चुका काढत वाचते.

घंट्यांचे फोटो. अरे, फुलाचा फोटो काढ, माणसाचा काढ. वाजायची वस्तू तू कागदावर मुकी करून पाठवणार आणि वर विचारणार की पेटी छोटी घेऊ की मोठी. हॉस्पिटलात मेट्रन म्हणून मी नमुनेदार माणसं बघितली, पण चमच्याऐवजी चमच्याचं चित्र मागणारा पेशंट एकही नव्हता.

नीट ऐक. आत्या फोटो म्हणाली नाही. घंट्या बघायच्यात असं म्हणाली. घंट्या तुझ्याकडे आहेत आणि त्यांना पाय नाहीत. याचा अर्थ सांगायला मेट्रन लागत नाही. आई गेल्यावर तुला तिने वाढवलं, मला वाढवलं, ड्युटीवरून येऊन आपल्या दोघांच्या वह्या तपासल्या. आता तिच्या दोन्ही डोळ्यांना मधोमध धूसर डाग आहे आणि तो पसरतोय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, जे दाखवायचं ते लवकर दाखवा. तुला ती शेवटची कधी भेटली ते आठव, मग पेटी निवड.

माया कमी झालेली नाही, फक्त आता ती खेकसून बोलते.
ताई


२९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आशीर्वाद निम्मे मिळाले, तेवढ्यावर पंधरवडा भागवला.

छोटी पेटी घेतली होती. नुसता कचरा. पट्टीतल्या दिव्यांचे ठिपके काउंटरच्या घंटीवर असे उमटले की घंटीला गोवर आल्यासारखं दिसलं. निकेलचं चकचकीत पोट ते, समोर असेल ते सगळं दाखवतं. परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, काका, चकचकीत वस्तू ठेवूच नका. म्हणजे छत्री विकायची आणि पावसात नेऊ नका म्हणायचं.

मग मोठी घेतली. जेवायच्या टेबलावर तिने ठाण मांडलंय आणि मी ओट्यापाशी उभ्याने जेवतो. ठिपके गेले, पण आता घंटीच्या पोटात मीच दिसतो. स्टुलावर चढलेला, बनियनवर, हात लांब केलेला. पंखा लावला तर मागचा कागद फडफडतो, म्हणून पंखा बंद, म्हणून बनियन. मी खाली वाकलो तरी दिसतो, बाजूला झालो तरी अर्धा दिसतो. त्या घंटीतून मला घालवल्याशिवाय मी फोटो पाठवणार नाही. ते फोटो तिच्यापुढे ठेवण्याच्या लायकीचे नाहीत.

तू म्हणतेस ये. येणारच आहे. पण हात हलवत येऊ का? काम पुरं होऊ दे.

रागावलीस तरी कळव, गप्प बसू नकोस.
तुझा भाऊ


८ जुलै

चि. नकाशे,
अ. उ. आ. गेल्या खेपेचे उरलेले निम्मे अजून माझ्याकडेच आहेत आणि तिथेच राहतील असं दिसतंय.

वा, काय दिवे लावलेस. एक पेटी गोवराची, दुसरीत तू. तिसरी आली की कळव, शेजाऱ्यांना बोलावून दाखवते.

आता इकडचं ऐक. परवा शेजारची दूध द्यायला आत आली. आत्याने तिला मीच समजून माझ्या नावाने हाक मारली आणि माझं गाऱ्हाणं तिला ऐकवलं, की मेट्रन, तू जेवणात मीठ टाकत नाहीस. आवाजावरून चूक कळली तेव्हा ती स्वतःवरच चिडली. ही बाई एकदा आलेलं गिऱ्हाईक दहा वर्षांनी चेहऱ्यावरून ओळखायची. आता ती समोर बघायचं असलं की मान वाकडी करून भिंतीकडे बघते, म्हणजे डोळ्याच्या कडेने थोडं काही येतं. कुणी आलं तर त्याला वाटतं बाई रुसली आहे.

तुला हे बघायचं नाही. मला सगळं कळतं. तुला ताठ मानेची, काउंटरमागची आत्या हवी आहे, आणि ती नसेल तर तू टेबलावर पेटी मांडून उजेडाशी झोंबत बसणार. मी बत्तीस खाटांचा वॉर्ड सांभाळलाय. दारापर्यंत येऊन फळांची पिशवी नर्सच्या हातात देऊन पळणारे नातेवाईक मला पाठ आहेत. तुझी पिशवी जरा महाग आहे इतकंच.

मी रोज तिच्याजवळ असते, तरी संध्याकाळी ती विचारते की ठोंब्याचं काही आलं का; तू अजून तिचा ठोंब्याच. मला राग येतो, आणि तो तुझा येतो.

खुशाली कळव, म्हणजे काम कसं चाललंय ते नव्हे.
ताई


२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. या खेपेला खरंच वाकून, गुडघा गेला खड्ड्यात.

जमलं. बाजारातल्या सगळ्या पेट्या मोडीत काढण्याच्या लायकीच्या आहेत. शेवटी ऑफिसात उरलेला नकाशाचा ट्रेसिंग कागद घेतला, त्याची घंटीभोवती गोल टोपी केली आणि दिवे बाहेरून लावले. वरती मोबाइलच्या डोळ्यापुरतं भोक. आता घंटीच्या पोटात दूध ओतल्यासारखा पांढरा उजेड आहे. ठिपके नाहीत, सावली नाही, मी नाही. मी कुठेच नाही, तू भिंग लावून बघ.

सोबत पहिला गठ्ठा जाड कागदावर छापून पाठवतोय. आत्याला खिडकीपाशी बसवून एकेक दाखव. तू मला पळपुटा म्हणालीस त्यावर मी काही लिहीत नाही. फोटो बघ आणि मग म्हण.

तिला काय वाटलं ते शब्दन् शब्द कळव, तेवढी कृपा असू दे.
तुझा भाऊ


९ ऑगस्ट

चि. नकाशे,
अ. उ. आ.

शब्दन् शब्द मागितलेस, घे. पहिल्या फोटोवर आत्या म्हणाली की हे भांड्यांच्या दुकानाचं कॅलेंडर कुणी पाठवलं. दुसऱ्यावर म्हणाली की घंटी आहे की अंडं आहे. पांढऱ्यावर पांढरं, कड कुठे संपते तेच तिला कळेना. तू सावली घालवलीस ना? सावलीनेच तर तिला वस्तू कळते. तिसऱ्याच्या वेळी तिने चहा मागितला. एवढी तुझ्या दोन महिन्यांची किंमत.

पण गठ्ठ्यात तळाशी तुझ्या नजरचुकीने एक टाकाऊ फोटो आला होता. मोठ्या पेटीतला, काउंटरची घंटी पानभर आणि तिच्या पोटात तू. बनियनवर, स्टुलावर, हात लांब केलेला, तोंड उघडं. मी तो बाजूला काढणार होते. तिने तो हातात घेतला, मान वाकडी केली, कागद उजवीकडे नेला, डावीकडे नेला, आणि कितीतरी वेळ भिंतीकडे बघत बसली. मला वाटलं दमली. मग म्हणाली की हा ठोंब्या आहे. पुढे म्हणाली की बनियन तेच आहे, पोट नवीन आहे. केस कुठे गेले असंही विचारलं. मी म्हटलं, गेले त्याचे. त्यावर ती हसली. जूनपासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ती बघू शकत नाही म्हणून मी खुशाल रडले.

तो फोटो ती कुणाला देत नाही. काल सकाळी पुन्हा घेऊन बसली, आणि मग हळूच मला विचारलं की हा काळा ठिपका ठोंब्या ना, की घंटीचं बटण? काल तिला तू बटणापासून वेगळा करता आला नाही.

मी आता तुला शिव्या देत नाही. दमले.
ताई


१२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुढच्या गुरुवारच्या गाडीने येतोय. मोठी पेटी मोडली, तिच्या खोक्यात घंट्या कागदात गुंडाळून भरल्या. तेवढ्यापुरता खोका उत्तम निघाला.

तू लिहिलंस ते खरं आहे. मला तिला तशी बघायची भीती वाटते. तिने मला सोडून भिंतीकडे बघितलं तर मी काय करू, तेच मला कळत नाही. समोर जाऊन उभा राहिलो आणि मी तिला दिसलोच नाही तर? म्हणून दोन महिने मी त्या घंटीतून स्वतःला पुसत बसलो. एवढा मोठा गाढव पाणीखात्यातही दुसरा नव्हता, आणि तिथे पुष्कळ होते.

तू हे तिला वाचून दाखवशीलच. दाखव.

उरलेले आशीर्वाद हातात घेऊन दारात थांब.
तुझा भाऊ


१४ ऑगस्ट

चि. ठोंब्या,
आशीर्वाद. आडवे-तिडवे जातील, तूच वेचून घे. मेट्रनकडून जाड पेन घेतलंय आणि मी स्वतः लिहितेय. अक्षरं एकमेकांवर चढली तर तुझ्या चष्म्याला दोष दे.

पत्र ऐकलं. भित्रा आहेस हे मला नवीन नाही. शाळेत फळ्यासमोर उभं केलं की तू दाराकडे सरकायचास.

खोल्या छोट्या आहेत, मेट्रन ओरडेल, तरी सगळ्या घंट्या आण. कुठली कुठली ते मी बघून नाही, वाजवून सांगीन. फोटो एकही आणू नकोस.

आता उभं कसं राहायचं ते सांगते. समोर येऊ नकोस. समोर मला धूर दिसतो. माझ्या उजव्या हाताला, खिडकीकडे पाठ न करता उभा राहा आणि मी भिंतीकडे बघत असले तरी हलू नकोस. तेव्हा मी तुलाच बघत असते. अजून कडेला थोडी जागा शिल्लक आहे, ती मी तुझ्यासाठी राखली आहे.

शर्ट घालून ये.

तुझी आत्या