आईच्या हातातलं राखाडी कार्ड

बाबा, तुमचे फिल्मचे रोल अजून फ्रिजमध्ये आहेत, त्याच स्टीलच्या डब्यात. तुमच्यानंतर आम्ही बदलापुरात मांजर्लीला राहायला आलो. इथे पुराचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी आईने आधी देव उचलले, मग हा डबा, आणि वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवला. गॅसची शेगडी मात्र खाली पाण्यात राहिली. यावरून मी तिला अजून चिडवते.

आता तिला फोटो हवा आहे. भिंतीवर तुमच्या फोटोशेजारची जागा तिने स्वतःच पुसून ठेवली आहे. मी म्हटलं, मोबाईलवर काढते की छान. तर मटार सोलता सोलता म्हणाली, "मोबाईलमध्ये मी गुळगुळीत दिसते, सुरकुती म्हणून एक नाही. मी गेल्यावर बघणाऱ्याला वाटेल, ही कोण बाई? आणि तुझ्या बाबांनी जन्मभर मला ते राखाडी कार्ड धरून उभं केलं. एकदा तरी हात मोकळे ठेवून नीट काढ, त्यांच्याच फिल्मवर." मीही मटार सोलू लागले.

तिचं म्हणणं खोटं नाही. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या दुकानातून तुम्ही सुटी, स्वस्तातली फिल्म आणायचात. दुकानदार म्हणायचा, "साईं, डब्बे पे सौ लिखा है, तो सौ ही होगा ना." तुम्ही अंबरनाथच्या कारखान्यात दिवसभर माल तपासणारे, तुमचा विश्वास कसा बसणार? "लिहिणाऱ्याचं काय जातं? आपण फिल्मलाच विचारू," म्हणायचात. मग रविवारी सकाळी मोरिवलीच्या आपल्या जुन्या घराच्या गॅलरीत आई कणकेच्या हातांनी येते, छातीशी राखाडी कार्ड धरते, ना काळं ना पांढरं. त्यावरचा उजेड मोजायला तुम्ही मीटर धरता. एक फोटो फिल्मचा स्पीड, म्हणजे उजेड टिपायची ताकद, शंभर समजून, एक पन्नास समजून, एक पंचवीस. आकडा निम्मा केला की फिल्मला उजेड दुप्पट. बाथरूममध्ये रोल धुऊन झाला की ती पट्टी खिडकीशी धरून तुम्ही आईचा अंबाडा बघायचात. काळ्या केसांतल्या बटा ज्या फोटोत पहिल्यांदा वेगळ्या दिसल्या, त्या फोटोचा आकडा हाच फिल्मचा खरा स्पीड. आई आतून ओरडायची, "अहो, माझा चेहरा कसा आलाय तेही बघा की कधी!"

एकदा तुम्ही मीटर माझ्या हातात दिलंत. मी घाईघाईने आकडा सांगितला आणि तुम्ही म्हणालात, "कार्ड चमकतंय, दिसत नाही? चमक मोजशील तर माणूस काळा येईल." बोललात एवढंच, पण मला रडू फुटायचं बाकी होतं. तेव्हा आईने कार्ड किंचित खाली कलवलं आणि चमक गेली.

परवा तुमचा कॅमेरा काढला. इतक्या वर्षांत फिल्म मंदावलेली असणार, म्हणून आधी एक रोल तपासणीला घेतला. मी हाक मारायच्या आत आई पदराला हात पुसत आली आणि कार्ड धरून उभी राहिली, जरा खाली कलवून. अडचण एकच होती, तिचे केस आता पांढरेशुभ्र झालेत. अंबाड्याचं काम कोण करणार? शेवटी तिच्या मागे तुमची काळी छत्री मिटून टांगली, म्हणजे बटांऐवजी छत्रीच्या काळ्या कापडाच्या चुण्या बघता येतील. आईने वळून पाहिलं आणि म्हणाली, "घ्या, आता हेही आले माझ्याबरोबर फोटोत. इतक्या वर्षांत कधी आले नाहीत."

रोल धुतला. त्यानंतर मी तिला सांगितलं, नक्की कळत नाहीये, पुढच्या रविवारी परत बघू. पुढच्या रविवारी म्हटलं, ढग आडवे आले. मग म्हटलं, धुवायचं औषध जुनं झालं. ती म्हणते, "तुझ्या बाबांना एका रविवारात कळायचं," पण रविवार उजाडला की न सांगता साडी बदलते आणि कार्ड घेऊन गॅलरीत येते. डबा रिकामा होत चाललाय, ते मलाही दिसतं. पण कार्ड बाजूला ठेवून तिचा तो नीट फोटो काढला, की भिंतीवरच्या जागेची तयारी पूर्ण झाली. मला भीती वाटते, बाबा. मला ती तयारी पूर्ण करायची नाही.

हे पत्र कार्डाच्या पाकिटात सरकवून ठेवणार होते, पण रविवारी ते पाकीट तीच उघडते. म्हणून फाडूनच टाकीन. छत्रीच्या चुण्या पहिल्याच रविवारी लख्ख दिसल्या होत्या. पंचवीस. तिला सांगू नका.