हरताळातलं पंपघर

मंगळ., १७ जाने. १९५६
मुंबई महाराष्ट्राला नाही, हे काल जाहीर झालं. आज लालबाग-परळ बंद. मी पहाटेच कामावर आलो होतो, पण मला सोडवायला पुढच्या पाळीचं कोणी आलं नाही. मैलापाण्याच्या या पंपघरात मी आणि हेल्पर सावंत. साहेबांचा फोन लागत नाही. रात्री इथेच राहायचं ठरलं. ठरवायचं काय होतं त्यात.

बुध., १८
दुपारी फाटकाशी पोरांचा घोळका. पुढे आमचा धाकटा, वसंत. घोषणा देऊन घसा बसलेला.
"दादा, पंप बंद कर. बाहेर ये."
म्हटलं, पंप थांबले तर मैला आधी लालबागेत चढेल, आपल्याच चाळींच्या मोऱ्यांतून. मलबार हिलवर नाही चढणार.
मागून एकजण ओरडला, "फितूर!" वसंताने त्याला गप्प केलं. मग माझ्याकडे बघून, "तुझ्याकडे नेहमी काहीतरी कारण असतं रे." गेला.
सावंत म्हणाला, "जावंदे हो. पोरगो रागात आसा."
संध्याकाळी लांबून गोळीबार. पंपांच्या आवाजात नीट ऐकू येत नाही.

गुरु., १९
कर्फ्यू. गाळणीच्या जाळीवर एरवी चिंध्या, केस, भाजीचे देठ येतात. आज चपला. रस्त्यावरच्या गटारांच्या उघड्या झाकणांतून आल्या असणार. सावंत दाताळ्याने ओढत होता. वसंताच्या चपलेला टाचेशी ठिगळ आहे. एकेक उलटी करून बघितली. त्यांत नव्हती.
दोन नंबरचा पंप तापतोय. ओलं पोतं टाकलं.

शुक्र., २०
ओहोटी लागली तसा मैला सोडायचं समुद्राकडचं दार उघडायला गेलो. खडकांपर्यंत काळं पाणी, वर फेस. कोळीवाड्यातली हिराबाय उभी होती. एरवी आम्ही दिसलो की शिव्या देते. आजही दिल्या. "तुमचे घाणीनं आमचं म्हावरं पलालं." आणि पदराखालून भाकऱ्या काढल्या, वर सुकटीची चटणी. "खा. तोंड बघ कसा झालाय."
रडू येईल वाटलं. आलं नाही.

रवि., २२
पोलिसांच्या ट्रकमधून बदली माणसं आली. घरी चालत गेलो. चाळीच्या मोऱ्या कोरड्या.
आईने दार उघडलं आणि माझ्या मागे बघितलं.
"वसू कुठाय?"
बुधवारी निघताना तिला सांगून गेला होता, दादाकडे जातो. इतके दिवस तिला वाटत होतं, दोघे पंपघरातच आहोत.
म्हटलं, येईल.

सोम., २३
परळच्या दोन्ही हॉस्पिटलांत जाऊन आलो. दुसऱ्यात मागच्या शेडमध्ये वॉर्डबॉय चादरी उचलून दाखवत होता. माझ्यापुढे एक म्हातारा होता, तो तिसऱ्या चादरीशी खाली बसला. मी त्याला वळसा घालून पुढे गेलो.
वसंत नाही.
बाहेर चहा घेतला. गरम होता एवढं कळलं.

गुरु., २६
ड्युटी. दोन नंबर बंद, दुरुस्तीला माणूस नाही. सावंत गाऱ्हाणं घालतो म्हणाला, गावच्या देवाला. म्हटलं, घाल.
आई माझ्याशी जेवणापुरतं बोलते.

शनि., २८
'फितूर' ओरडलेला पोरगा घरी आला. दळवी नाव. खाली बघून बोलत होता. फाटकावरून निघाल्यावर नाक्याशी लाठीमार झाला. काहींना पोलिसांनी गाडीत कोंबलं. त्यांत वसंत होता का? "धूर होता हो. दिसलं नाही." ठाण्याच्या तुरुंगात वसंत नावाचे दोघे आहेत, असं त्याने कुणाकडून ऐकलंय. आडनाव माहीत नाही. उद्या भेटीचा दिवस.
मी त्याला बस म्हटलं. बसला नाही.
माझी उद्याची पाळी सावंत बघतोय. आईने वसंताचा स्वेटर घडी करून पिशवीत घातला.
"भेटला तर दे. तिकडे गारठा असेल."
मी पिशवी दाराशी ठेवत होतो तेव्हा परत म्हणाली, "आणि नाहीच भेटला तर परत आण. दुसऱ्या कुणाला देऊ नको."